दाभोळची अपुरी भिंत

देवणीहून समुद्र फार दूर. तरी दाभोळच्या धक्क्याचा इतिहास वीजबिलाच्या वाटेने आपल्या घरापर्यंत येतो, म्हणून तो येथे सांगितला पाहिजे.

युक्ती साधी आहे. नैसर्गिक वायू उणे १६० अंशांच्या आसपास थंड केला की त्याचा द्रव होतो आणि सहाशे खोल्यांचा वायू एका खोलीत मावतो. तो जहाजाने आणावयाचा, टाक्यांत साठवावयाचा व ऊब देऊन पुन्हा वायू करावयाचा. यासाठी अमेरिकेची एन्रॉन कंपनी १९९२ साली आली. नाव दाभोळचे, पण जागा खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरकडे.

डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने करार केला. तुमच्या देवणी बैलाची जोडी कुणी भाड्याने घेतली, आणि नांगराला जुंपली काय, दावणीला ठेवली काय, वर्षाचे भाडे डॉलरच्या भावाने मोजीन असे लिहून दिले, तर त्या कुणब्याला आपण काय म्हणू? मंडळाने असेच लिहून दिले होते.

१९९५ साली युती सरकारने करार मोडला व पुढे दुरुस्त करून पुन्हा पत्करला. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली ती ‘सिटू’, म्हणजे कामगारांची संघटना. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना याचा अभिमान वाटतो, जरी डिसेंबर १९९६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळणींना पोलिसांनी पहाटे घरांतून धरून नेले. मासळीवर जगणाऱ्या त्या बायांनी कराराचे कलम वाचले नव्हते. खाडी मात्र त्यांना पाठ होती.

१९९९ साली पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालू झाला. वीज महाग पडली, २००१ च्या मे महिन्यात केंद्र बंद पडले, डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. वायूचा धक्का अर्धवट राहिला. दरम्यान गुजरातेत दहेजचा धक्का २००४ सालीच सुरू झाला.

२००५ साली एनटीपीसी व गेल या सरकारी कंपन्यांनी पुढाकार घेऊन रत्नागिरी गॅस कंपनी काढली. २०१३ साली धक्का चालू झाला, पण लाटा अडविणारी भिंत, म्हणजे ब्रेकवॉटर, अपुरीच होती. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे पावसाळ्याचे महिने जहाज लागत नसे. मालकाच्या उत्पन्नाला कराराने बारमाही कुंपण घातले, धक्क्याला मात्र नाही! २०१८ साली धक्का कोकण एलएनजी या वेगळ्या कंपनीकडे गेला, आणि भिंतीचे राहिलेले काम तिच्या माथी आले.