एक की दोन? स्वस्त लॅपटॉपमधल्या एका प्रश्नाचा इतिहास



आजचा विषय वरवर पाहता दुकानातला आहे. मोजक्या पैशांत लॅपटॉप घ्यायचा, तर एका कोअरचा प्रोसेसर घ्यावा की दोन कोअरचा? २००६ ते २००९ या काळात ज्यांच्या घरी पहिला लॅपटॉप आला, त्यांच्यापैकी अनेकांपुढे हा प्रश्न होता. आता तुम्ही म्हणाल, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला. खरं आहे. पण तो मुळात उभा का राहिला, हे पाहण्यासारखं आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, यंत्रशास्त्र नाही. तरी या प्रश्नात आम्हाला ओळखीचा एक घोटाळा दिसतो. 'किती आहे?' आणि 'कशासाठी आहे?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देऊन मोकळे होतो.

आधी थोडं मागे जाऊ. १९९३ साली इंटेलचा पहिला पेंटियम आला, तो ६० मेगाहर्ट्झचा होता. म्हणजे त्याच्या आतल्या घड्याळाचे सेकंदाला सहा कोटी ठोके पडत. २००४ मध्ये पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला. अकरा वर्षांत घड्याळ साठपटींहून जास्त वेगवान झालं! त्या काळात गिऱ्हाइकाचं काम सोपं होतं. आकडा मोठा तो प्रोसेसर चांगला. हे तेव्हाही पूर्ण खरं नव्हतं, पण चालून जात होतं.

हे शक्य का झालं? आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये एक नियम मांडला होता. ट्रान्झिस्टर लहान करत जा, त्याच प्रमाणात व्होल्टेज कमी करा, मग तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतील, ते जास्त वेगानं चालतील आणि तरी तेवढ्या जागेतली उष्णता वाढणार नाही. तीस वर्षं हा नियम कामी आला. पुढे ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. व्होल्टेज आणखी खाली नेता येईना आणि उष्णता आवरेना. २००४ च्या मे महिन्यात इंटेलनं 'तेजस' नावाचा पुढचा प्रोसेसर रद्द केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेतही सोडला. घड्याळाची शर्यत थांबली.

मग वाट काय काढली? इथे थोडं गणित करू या, सोपं आहे. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो, ती ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. समजा, वेग आणि व्होल्टेज दोन्ही वीस टक्क्यांनी कमी केले. ०.८ चा घन करा, उत्तर येतं ०.५१२. म्हणजे वीज जवळजवळ निम्म्यावर आली, वेग मात्र ऐंशी टक्के उरला. आता असे दोन कोअर शेजारी शेजारी बसवा. वीज साधारण पूर्वीइतकीच, आणि काम, दोघांत नीट वाटलं गेलं तर, १.६ पट. या 'तर'वर बोट ठेवून ठेवा. आजचं सगळं व्याख्यान त्या एका शब्दावर उभं आहे.

एका चिपवर दोन कोअर बसवणं आयबीएमनं २००१ मध्येच पॉवर४ या प्रोसेसरमध्ये करून दाखवलं होतं, पण तो मोठ्या सर्व्हरसाठी होता. २००५ मध्ये इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा ॲथलॉन ६४ एक्स२ हे घरच्या संगणकासाठी आले. लॅपटॉपमध्ये बदल झाला तो जानेवारी २००६ मध्ये. इंटेलनं एकाच वेळी कोअर ड्युओ आणि कोअर सोलो अशी दोन नावं बाजारात आणली. गंमत अशी, की सोलोची चिपही मुळात दोन कोअरचीच होती, त्यातला एक बंद ठेवलेला असे. स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र सेलेरॉन एम किंवा सेम्प्रॉन असे एका कोअरचे प्रोसेसर असत. २००७ मध्ये पेंटियम ड्युअल-कोअर आला आणि दोन कोअर स्वस्त फळीवरही दिसू लागले. आपला प्रश्न खऱ्या अर्थानं तिथे जन्मला.

आता 'तर'कडे येऊ. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच सांगून ठेवलं होतं की कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो एकूण वेगाला मर्यादा घालतो. आमच्या धंद्यातलं उदाहरण घ्या. शंभर उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत. दोन परीक्षक बसवले, निम्म्या वेळात काम झालं. पण एकच सिद्धता आहे, तिची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. तिथे दुसरा माणूस बसवून काय करणार? पहिल्याची पायरी पुरी होईपर्यंत तो स्वस्थ बसेल. निम्मं काम वाटण्याजोगं असेल, तर दोन कोअरनं वेग दुप्पट होत नाही, १.३३ पट होतो. नव्वद टक्के वाटण्याजोगं असेल, तरी १.८ पटच. आणि २००६-०७ मधली बहुतेक घरगुती सॉफ्टवेअर एकाच कोअरसाठी लिहिलेली होती.

मग दोन कोअरचा उपयोगच नव्हता का? होता, पण वेगळा. मागे व्हायरसची तपासणी चालू आहे आणि पुढे आपण पत्र लिहितो आहोत, ही दोन स्वतंत्र कामं. एकाच कोअरवर ती एकमेकांच्या पायात येत. दोन कोअर असले की पत्र लिहिताना मशीन अडखळत नसे. याला वेग म्हणण्यापेक्षा खोळंबा टळणं म्हणावं.

आणि आता पैशांचं. 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ काय? एक गोष्ट घेतली की दुसरी सोडावी लागते. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं. त्याच्या होम प्रीमियम आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टनंच १ जीबी रॅम सांगितली होती, आणि स्वस्त लॅपटॉप ५१२ एमबीवर विकले जात होते. रॅम अपुरी पडली की मशीन हार्ड डिस्ककडे धावतं, आणि डिस्क रॅमपेक्षा हजारो पटींनी मंद. अशा वेळी एक कोअर काय नि दोन काय, दोघंही डिस्कची वाट बघत बसणार. दुसऱ्या कोअरसाठी रॅमवर पाणी सोडणाऱ्या कुटुंबाच्या हाती हप्त्यांवर घेतलेलं एक मंद यंत्र येई. मुलाच्या शिक्षणाचे पैसे त्यात अडकलेले असत, म्हणून ही चूक लहान नव्हती.

त्यात नावांनी भर घातली. कोअर २ ड्युओ यातला '२' कोअरची संख्या सांगत नाही, ती दुसरी पिढी. संख्या 'ड्युओ'त आहे. कोअर २ सोलो नावाचाही प्रोसेसर होता! पुढे २००८ मध्ये छोट्या नेटबुकमध्ये ॲटम एन२७० आला. कोअर एकच, पण हायपर-थ्रेडिंगमुळे विंडोजला दोन दिसत. आभास आणि वस्तू यांतला भेद आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, तो इथे पडद्यावर दोन आलेखांत दिसतो.

या सगळ्याचा अर्थ काय लावायचा? २००५ च्या सुरुवातीला हर्ब सटर या प्रोग्रॅमिंगच्या जाणकारानं एक लेख लिहिला. फुकटच्या जेवणाचे दिवस संपले, असं त्याचं सांगणं होतं. त्याचा रोख प्रोग्रॅमरकडे होता: आता नवा प्रोसेसर आला म्हणून तुमचा जुना प्रोग्रॅम आपोआप वेगानं धावणार नाही, काम कसं वाटायचं ते तुम्हीच ठरवा. आमच्या मते तेच गिऱ्हाइकाच्या बाबतीतही घडलं. घड्याळाच्या काळात इंजिनिअर आपल्या वाटचा विचार करून ठेवत असे, आपण आकडा वाचला की झालं. घड्याळ थांबल्यावर तो विचार आपल्याकडे आला. माझं काम वाटण्याजोगं आहे का, एका वेळी मी किती कामं चालू ठेवतो, आणि या पैशांत काय सोडतो आहे, हे दुकानदार सांगू शकत नाही.

आज लॅपटॉपवर आठ-दहा कोअर लिहिलेले असतात. आकडा बदलला, प्रश्न तोच आहे. दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर आपली कामं लिहून काढा, आणि मग त्या आकड्याकडे बघा.

इथे थांबू या. प्रश्न असतील ते आता घेऊ.