शेवटचा मनुष्य व त्याचा वाचक

मेरी शेलेचें नांव निघालें कीं सुशिक्षित वाचकास 'फ्रँकेन्स्टाइन' आठवतो. परंतु याच लेखिकेनें १८२६ सालीं लंडन येथें 'दि लास्ट मॅन' ही तीन खंडांची कादंबरी प्रसिद्ध केली, हें पुष्कळांच्या गांवींही नसतें. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस महामारीनें मनुष्यजात नष्ट होते व लायोनेल व्हर्नी हा एकच पुरुष मागें उरतो, अशी तिची कथा आहे. हा ग्रंथ वाचून आमचें मन द्विधा झालें. त्याचें कारण शोधूं गेल्यास त्या काळच्या इतिहासांत शिरावें लागतें.

प्रलय आपणांस नवा नाहीं. मनूच्या नौकेच्या कथेंत काय किंवा बायबलांतील नोहाच्या कथेंत काय, जग बुडतें, पण बीज राखलें जातें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपीय वाङ्मयांत मात्र बीज न राखणारा प्रलय डोकावूं लागला. १८१५ सालीं सुंबावा बेटावरील तंबोरा ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला व त्यामुळें १८१६ चा उन्हाळा युरोपांत थंड आणि काळवंडलेला गेला. त्याच वर्षीं जिनीव्हाच्या सरोवराकांठीं बायरननें सूर्य विझून गेलेल्या जगावर कविता लिहिली. त्या मंडळींत मेरीही होती. १८१७ सालीं बंगालांत उद्भवलेली पटकी पुढें कांहीं वर्षांत सीरियापर्यंत पोंचली. या सार्वत्रिक भयांत घरच्या शोकाची भर पडली. मेरीच्या चार अपत्यांपैकीं तीन बालपणींच गेलीं, पति १८२२ सालीं इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडाला आणि १८२४ सालीं बायरन ग्रीसमध्यें वारला. कादंबरींतील एड्रियन व रेमंड हीं या दोन कवींचींच चित्रें होत.

तत्कालीन टीकाकारांनीं ग्रंथाची हेटाळणी केली. ती सर्वस्वीं अन्यायाची होती असें आम्हांस वाटत नाहीं. पहिला खंड राजकारण व प्रेमप्रकरणें यांच्या पाल्हाळानें कंटाळा आणतो. परंतु महामारी अवतरली कीं लेखणीला निराळेंच तेज चढतें. ओस पडणारें इंग्लंड आणि तें सोडून आल्प्सकडे निघालेले थोडे लोक यांचें वर्णन मनांतून जात नाहीं. शतकाहून अधिक काळ विस्मृतींत पडलेल्या या कादंबरीची नवी आवृत्ति १९६५ सालीं निघाली. १९४५ च्या हिरोशिमानंतर मनुष्यजातीचा अंत हा केवळ कविकल्पनेचा विषय राहिला नव्हता. आणि २०२० मध्यें जगभर दारें बंद झालीं, तेव्हां तिला पुन्हा वाचक मिळाले.

तथापि आमचें मन एका ठिकाणीं अडतें. या कथेंत महामारीवर उपाय नाहीं आणि सेवेला फळ नाहीं. एड्रियन इंग्लंडचा कारभार हातीं घेऊन रोग्यांमध्यें निर्भयपणें वावरतो. तरी त्याच्या श्रमांतून पुढें कांहींच उगवत नाहीं. खऱ्या साथींचा इतिहास असें सांगत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला व पुढच्याच वर्षीं पुणें त्याच्या तडाख्यांत सांपडलें. घरें ओस पडलीं, माणसें रानोमाळ झालीं. परंतु त्याच १८९७ च्या जानेवारींत हाफकिन यांनीं मुंबईस प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःस टोंचून घेतली; आणि १० मार्च रोजीं, रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें, सावित्रीबाई फुले निवर्तल्या. मृत्यूचा आंकडा यामुळें लहान होत नाहीं. पण जे गेले त्यांच्यामागें कोणी तरी राहिलें, आणि त्या सेवेचें मोल त्यांच्या पदरीं पडलें.

मग या ग्रंथास काय म्हणावें? भविष्य म्हणून तो आम्हांस पटत नाहीं. शोक म्हणून पूर्ण पटतो. जिचें जग खरोखरच एकेक करून रिकामें झालें, तिनें तें रितेपण साऱ्या पृथ्वीवर पसरून पाहिलें आहे. आणि तिचा व्हर्नीही पुरता निराश नाहीं. वाचणारें कोणी नसतां तो रोममध्यें बसून आपला वृत्तांत लिहितो. एक कुत्रा आणि होमर व शेक्सपिअर यांचे ग्रंथ बरोबर घेऊन, कोठें तरी माणूस भेटेल या आशेनें होडींतून निघतो. घरांत आजारपण असतां हें पुस्तक हातीं घेऊं नये. परंतु दुःख पाहिलेल्या प्रौढ वाचकानें पहिल्या खंडाचा पाल्हाळ सोसून तें एकवार अवश्य वाचावें.