मॅट्रिकचा दरवाजा

घोटीत पावसाची पहिली सर आणि शाळेचे प्रवेश बरोबरच येतात. भाताची आवणी अजून सुरू व्हायची असते, त्यामुळे पालकांना थोडी सवड असते. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी टेम्पो चालवणारे एक गृहस्थ धाकट्या मुलीचा हात धरून आमच्यासमोर उभे राहिले. त्यांची थोरली मुलगी आमच्याच हाताखाली शिकलेली. दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली, तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले गेले, आम्हीही भाषण केले. पुढे तिने अकरावी सायन्सला नाव घातले. दिवाळीची सुट्टी लागली आणि ती परत गेलीच नाही. पुस्तके इंग्रजीत, शिकवणे अर्धे इंग्रजीत, अर्धे मराठीत, आणि वर्गात प्रश्न विचारायची भीती. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "सर, बडी के टाइम आपने पेढे खाए थे. अब छोटी का बताओ, कॉलेज में टिकेगी क्या?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. दहावीचा निकाल किती टक्के लागेल, हे आम्ही सांगू शकलो असतो. पण त्यांनी निकाल विचारला नव्हता. शाळेकडून काय अपेक्षा ठेवायची, हे ते विचारत होते. हा प्रश्न आपल्या समाजात नवा नाही, म्हणून थोडे मागे जाऊन पाहू.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. १३२ उमेदवार बसले, त्यांतले २२ उत्तीर्ण झाले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. आज एखाद्या शाळेचा असा निकाल लागला तर पालक मुख्याध्यापकांना घेराव घालतील. पण त्या आकड्यांचा अर्थ वेगळा होता. ही परीक्षा शाळा घेत नव्हती, विद्यापीठ घेत होते. शाळेत काय शिकवून झाले, हे ती पाहत नव्हती. हा मुलगा कॉलेजात बसून समजून घेऊ शकेल का, एवढेच ती पाहत होती. मॅट्रिक हा कॉलेजचा दरवाजा होता. पुढे मॅट्रिक झालेल्यांना कचेरीत कारकुनी मिळू लागली आणि पुष्कळांचे शिक्षण दरवाजातच थांबले, हे खरे. तरी दरवाजा कॉलेजचाच होता, आणि हायस्कूल म्हणजे त्या दरवाजापर्यंत नेणारा रस्ता.

त्या रस्त्यावर आपली मुले फार कमी होती. इंग्रजी शिकला की मुलगा दीनपासून तुटेल, ही भीती घरोघरी होती. त्यात गरिबी होती, आणि गेलेल्या वैभवाचा अभिमानही होता. अशा काळात मुंबईतल्या एका बापाने वेगळा विचार केला. मुल्ला तय्यबअली भाईमियाँ हे सुलेमानी बोहरा व्यापारी. इंग्रजी शिक्षणाला पाप समजले जाई, त्या दिवसांत त्यांनी आपली मुले शिक्षणासाठी युरोपात पाठवली. एक मुलगा कमरुद्दीन इंग्लंडमधून सॉलिसिटर होऊन आला. दुसरा बद्रुद्दीन, जन्म १८४४ चा. तो आधी मदरशात उर्दू-फारसी शिकला, मग एल्फिन्स्टनमध्ये गेला आणि १८६० साली लंडनला. तिथे त्याचे डोळे बिघडले. १८६४ साली शिक्षण अर्धवट सोडून त्याला मुंबईला परतावे लागले. पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला आणि १८६७ साली बॅरिस्टर झाला. मुंबईत वकिली करणारा हा पहिला हिंदी बॅरिस्टर.

बद्रुद्दीन तय्यबजींचे पुढचे मोठेपण सगळ्यांना ठाऊक आहे. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ पासून मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश. पण शिक्षक म्हणून आमचे लक्ष १८६४ सालाकडे जाते. मुलगा शिक्षण सोडून घरी आला होता. बस झाले, आता पेढीवर बस, असे बाप म्हणू शकला असता. तसे झाले नाही. मदरशातून एल्फिन्स्टन आणि एल्फिन्स्टनमधून लंडन, ही प्रत्येक उडी मुलाला जड गेली असणार. भाषा बदलत होती, माणसे बदलत होती. प्रत्येक उडीच्या वेळी घर मागे उभे राहिले. आमची ती मुलगी दिवाळीत घरी आली तेव्हा तिच्या मागे कोण उभे होते? घर गोंधळले होते, आणि आम्हाला तर ती परत आल्याचे समजायलाच दोन महिने लागले.

ज्यांनी ही उडी स्वतः मारली होती, त्यांनीच पुढे शाळेचा विचार केला. १८७४ साली बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मुहम्मदअली रोगे, मुन्शी गुलाम मुहम्मद आदींनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १८८० साली तिची शाळा सुरू झाली, तीन शिक्षक आणि १२० विद्यार्थी घेऊन. आपल्या एखाद्या वाडीवरच्या शाळेएवढाच पसारा. १८८२ साली हंटर शिक्षण आयोग नेमला गेला, त्याच्यापुढे बद्रुद्दीन तय्यबजींनी मुसलमानांच्या शिक्षणाची कैफियत मांडली. १८९३ साली बोरीबंदर स्टेशनासमोर अंजुमनची भव्य इमारत उभी राहिली. ती आजही तिथेच आहे.

आम्हा घोटीकरांना त्या जागेचे विशेष अप्रूप वाटते. १ जानेवारी १८६५ ला थळ घाटातला, म्हणजे आपल्या कसारा घाटातला, लोहमार्ग खुला झाला आणि इगतपुरी मुंबईला जोडली गेली. आपल्या भागातून गाडीत बसलेला माणूस बोरीबंदरला उतरून बाहेर आला की समोर ही शाळा. त्या गाडीने आपल्याकडचा तांदूळ गेला, भाजी गेली, मजूर गेले. शिकायला किती मुले गेली, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारायचा आहे.

अंजुमनने पालकांपुढे काय ठेवले? मुलगा इंग्रजी शिकेल आणि उर्दूही सोडणार नाही, विद्यापीठाच्या परीक्षेला बसेल आणि नमाजही विसरणार नाही. १८७५ साली अलीगढला सर सय्यद अहमद खान यांनी सुरू केलेल्या मदरसतुल उलूममागेही हाच विचार होता. तिथे त्यांनी वसतिगृहावर भर दिला, कारण अभ्यासाचे वातावरण घरी नसेल तर शाळेने ते द्यावे लागते. महाराष्ट्रात हे मर्म राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले. १९०६ साली कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच उभे राहिले. आपल्या नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाची वाटचालही १९१४ साली, बोर्डिंगच्या आधारानेच सुरू झाली. ज्यांनी ज्यांनी मुलांना कॉलेजपर्यंत नेले, त्यांनी नुसता वर्ग बांधून काम थांबवले नाही. निजायची जागा, दिव्याचा उजेड, अभ्यासाची वेळ आणि पाठीवरचा हात, हेही शाळेतच मोजले. मुलींच्या बाबतीत मात्र हे सगळे फार उशिरा आले. तय्यबजींनी आपल्या मुलींना शिकवले, पण सामान्य घरातल्या मुलीपर्यंत हायस्कूल पोहोचायला पुढे कितीतरी दशके गेली. त्या उशिराची किंमत आपण अजून फेडतो आहोत.

मग दरवाजा कुठे हरवला? स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून गेली आणि एस.एस.सी. बोर्ड आले. पूर्वी अकरावीला असलेली ही परीक्षा १९७५ सालापासून दहावीला आली. शिक्षण गावोगाव पोहोचले, गरिबाची मुले पास होऊ लागली, हा मोठा लाभ झाला. पण परीक्षेचा प्रश्न नकळत बदलला. विद्यापीठ विचारत होते, हा मुलगा पुढचे झेपवील का? बोर्ड विचारते, याने मागचे पुरे केले का? आम्ही शिक्षक दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तयार करून घेण्यात पटाईत झालो. कोणता धडा किती गुणांचा, कोणते प्रश्न हमखास येणार, हे आम्हाला तोंडपाठ. त्या मुलीला आम्ही दहावी पास केले, पण अकरावीसाठी तयार केले नाही. ही आमची चूक आहे आणि ती लिहून ठेवायला आम्हाला संकोच वाटत नाही.

२००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान आणि पदव्युत्तरच्या ५० मागे एक, असे त्यात नोंदले होते. त्या आकड्यांवर आपल्याकडे खूप भाषणे झाली. पण जी मुले दरवाजाशी पोहोचून परत फिरली, त्यांची मोजदाद प्रत्येक शाळेने स्वतःच करायला हवी.

पालकांनी शाळेकडून काय अपेक्षा ठेवावी, याचे उत्तर आता आम्हाला देता येईल असे वाटते. पहिली अपेक्षा भाषेची. मादरी जबान पक्की, मराठी बोलण्या-लिहिण्याइतकी आणि इंग्रजी पुस्तक स्वतः वाचून समजण्याइतकी. गणित आणि विज्ञानातले शब्द आठवीपासून उर्दूबरोबर इंग्रजीतही कानावर पडले पाहिजेत. नीटची परीक्षा २०१८ पासून उर्दूतही देता येते, ही चांगली गोष्ट, पण कॉलेजातली पुस्तके बहुतेक इंग्रजीतच आहेत. दुसरी अपेक्षा स्वतः अभ्यास करण्याच्या सवयीची. गाइडातले उत्तर पाठ करणारा मुलगा दहावी ओलांडतो, कॉलेजात अडतो. तिसरी, प्रयोगशाळेचे कुलूप उघडे असावे आणि वाचनालयातली पुस्तके कपाटातून बाहेर यावीत. चौथी अपेक्षा खऱ्या प्रगतिपुस्तकाची. मूल कच्चे असेल तर शाळेने नववीतच तसे सांगावे, गोड बोलून पुढे ढकलू नये. आणि पाचवी, दहावीनंतरही दोन वर्षे शाळेने आपल्या मुलांची चौकशी करावी.

शाळेचाही पालकांकडे हक्क आहे. लग्नसराईत पंधरा पंधरा दिवस मूल गैरहजर ठेवू नये. घरात एक कोपरा आणि रात्री दोन तास टीव्ही, मोबाइल बंद, एवढे तरी द्यावे. कडक शाळेत पहिल्या वर्षी गुण कमी पडतात, तेव्हा मूल बिघडले असे समजू नये, ते नव्या वजनाला खांदा देत असते. आणि मुलगी एकदा अडखळली, म्हणून तिचे शिक्षण संपले असे ठरवू नये. १८६४ साल आठवावे.

एक अपेक्षा मात्र ठेवू नये. मूल आपण ठरवले तेच होईल, अशी. लहानपणी काही काळ आपल्या देवळालीत राहिलेला, बार्न्स शाळेत शिकलेला आणि पुढे मुंबईला अंजुमनमध्ये गेलेला एक मुलगा होता, यूसुफ खान. वडील फळांचे व्यापारी, त्यांना सिनेमा मुळीच पसंत नव्हता. मुलगा दिलीपकुमार झाला. पण त्याची उर्दू, त्याचे इंग्रजी, संवादातले नेमके ठहराव ऐकताना जाणवते की शाळा आणि घर या दोघांनी दिलेले वाया गेले नाही. शाळा शिदोरी देते, मुक्काम मूल ठरवते.

त्या गृहस्थांना आम्ही त्या दिवशी एवढेच म्हणालो, "चाचा, टिकेल असा शब्द आम्ही देत नाही. पण यंदा आठवीपासून गणित-विज्ञानाचे शब्द दोन्ही भाषांत शिकवू, आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तुम्ही येऊन विचारायचे. आणि थोरलीलाही घेऊन या. सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून करता येते." ते काही बोलले नाहीत. धाकटीचे नाव घातले आणि पावसात निघून गेले.

पुढच्या महिन्यात पहिल्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर ते आले. बरोबर थोरलीही होती. शाळेच्या फाटकात येऊन हिशोब विचारणारा बाप आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. दीडशे वर्षांपूर्वी अंजुमनच्या तीन शिक्षकांना असेच १२० बाप भेटले असतील, असे आमच्या मनात आले. शाळा चालवायला जमीन लागते, पैसा लागतो, पण त्याही आधी विचारणारा माणूस लागतो. तो आपल्यातूनच यायचा आहे.