पोकर टूर्नामेंटमध्ये हातातले दोन एक्के टाकून द्यायची वेळ का येते?

दोन एक्के हातात असताना पत्ते टाकून दे, असं तीन पत्ती खेळणाऱ्या कुणालाही सांगून बघा. तो तुम्हाला वेड्यात काढेल. टेक्सास होल्डम पोकरमध्ये सुरुवातीला दोनच पत्ते मिळतात आणि त्यात दोन्ही एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. तरीही टूर्नामेंटमध्ये ते टाकणं बरोबर ठरू शकतं.

का? कारण टूर्नामेंटमधल्या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. त्या संपल्या की तुम्ही बाहेर, आणि बक्षीस मिळतं ते शेवटी कितवे आलात त्यावर.

आधी प्रीफ्लॉप बघू, म्हणजे टेबलावर पहिले तीन पत्ते (फ्लॉप) उघडण्याआधीचा निर्णय. इथे पत्त्यांइतकंच महत्त्व ब्लाइंडला असतं. दर डावात दोन खेळाडूंना सक्तीने लावावी लागणारी रक्कम म्हणजे ब्लाइंड, आणि ती ठरावीक वेळाने वाढत जाते. तुमच्याकडे २०,००० चिप्स आहेत आणि मोठा ब्लाइंड ५०० आहे, तर तुमच्याकडे ४० ब्लाइंड झाले. तोच ब्लाइंड २,००० झाला की उरले फक्त १०. चाळीस असताना दुर्रीची जोडी घेऊन कुणाच्या रेझला कॉल करून फ्लॉप बघता येतो. तिसरी दुर्री फ्लॉपवर आठ-नऊ वेळांत एकदाच येते, पण आली की मोठा पॉट मिळू शकतो. दहाच उरले असतील तर हा शौक परवडत नाही. तेव्हा ऑल-इन किंवा फोल्ड. नवखे खेळाडू इथेच थोडं थोडं कॉल करत संपतात.

फ्लॉपनंतरचं गणित शाळेतल्या टक्केवारीचंच आहे. तुमच्याकडे दोन बदाम, टेबलावर आणखी दोन, फ्लशला एक कमी. पॉटमध्ये ६००, समोरच्याने ३०० लावले. तुम्ही ३०० टाकले तर पॉट १,२०० होतो, म्हणजे किमान २५ टक्के वेळा जिंकायला हवं. चौथा पत्ता उघडून झाला असेल, तर न दिसलेल्या ४६ पत्त्यांत बदाम ९, शक्यता जेमतेम २० टक्के. सोडलेलं बरं. (फ्लश लागल्यावर समोरचा अजून चिप्स देईल अशी खात्री असेल तर गोष्ट वेगळी.) पण तीनच पत्ते उघडले असतील आणि ते ३०० त्याचे शेवटचे असतील, तर त्याच भावात दोन पत्ते बघायला मिळतात. शक्यता ३५ टक्के. कॉल करा.

आता ते एक्के. सॅटेलाइट म्हणजे मोठ्या स्पर्धेचं तिकीट मिळवून देणारी टूर्नामेंट. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर (आडनाव खरंच हेच आहे) ऑनलाइन सॅटेलाइटमधूनच वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. समजा तिकिटं १०, खेळाडू उरले ११. तुमच्याकडे भरपूर चिप्स आहेत आणि कोपऱ्यातल्या एकाकडे एकच ब्लाइंड शिल्लक आहे. तेवढ्यात तुमच्याहून मोठ्या स्टॅकवाल्याने ऑल-इन केलं. त्याचे पत्ते काहीही असले तरी एक्के साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात. पण जिंकून दुसरं तिकीट मिळत नाही आणि हरलात तर हातातलं जातं. टाकलेत, तर कोपऱ्यातला बहुतेक दोन-चार डावांत बाहेर पडेल आणि तिकीट तुमचं.

भारतात २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात नाही, त्यामुळे ऑनलाइन पोकरही त्यात येतं.