तंजावरचे मराठी राज्य व सामाजिक विषमता

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, आजच्या तमिळनाडूत, शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास स्थापिलेले भोसले घराण्याचे राज्य. सरस्वती महाल ग्रंथालय, दरबारी नाटके आणि बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा मराठी शिलालेख यांमुळे मराठी वाचकास ते परिचित आहे. या वैभवाचा खर्च ज्या भातशेतीतून निघत असे, तिची व्यवस्था मात्र मराठी इतिहासलेखनात क्वचितच येते.

गावच्या जमिनीतील व उत्पन्नातील वंशपरंपरागत हिस्सा म्हणजे मिरास. ती मुख्यतः ब्राह्मण व वेल्लाळ कुटुंबांकडे असे, तर चिखलणी, लावणी व कापणी ही कामे अस्पृश्य मानल्या गेलेल्या पळ्ळर व परैयर जातींकडे असत. त्यांतील धन्याशी बांधलेल्या शेतमजुरास पण्णैयाळ म्हणत. ही जुनी घडण भोसल्यांनी मोडली नाही, उलट शहाजी (दुसरे) यांनी तिरुविसनल्लूर हे गाव पंडितांना अग्रहार, म्हणजे ब्राह्मणवस्तीचे इनाम, म्हणून दिले आणि वरच्या थरात नव्या हिस्सेदारांची भर पडली. सरफोजी (दुसरे) यांच्या छत्रांत, म्हणजे अन्नछत्रयुक्त धर्मशाळांत, परैयरांसह सर्व वाटसरूंना अन्न मिळे; हे औदार्य खरे असले तरी खळ्यावरील वाटणीत त्याने फरक पडला नाही.

ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या १७९९ च्या तहाने सरफोजींकडे तनखा, महसुलाचा पाचवा हिस्सा, किल्ला व राजवाडा एवढेच उरले आणि १८५५ मध्ये पुरुष वारस नसल्याचे कारण देऊन कंपनीने राज्य खालसा केले. कंपनीच्या महसूलव्यवस्थेत मिरासदार जमिनीचे मालक ठरले. गुलामीवरील हक्काला न्यायालयांनी मान्यता देऊ नये असा कायदा १८४३ मध्ये झाला, तरी कर्जापोटी पण्णैयाळ बांधलेलाच राहिला. चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजणे या शिक्षा विसाव्या शतकातही चालू होत्या. त्यांविरुद्ध १९४० नंतरच्या दशकात बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्या कम्युनिस्ट नेत्यांनी मजूर संघटित केले आणि १९५२ मध्ये कुळे व पण्णैयाळ यांच्या संरक्षणाचा कायदा आला. मजुरीत थोड्या जादा भाताच्या मागणीवरून पेटलेल्या संघर्षात २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे ४४ दलित, बहुतांशी स्त्रिया व मुले, एका झोपडीत जाळून मारले गेले. या हत्याकांडाच्या खटल्यातील जमीनदारांना मद्रास उच्च न्यायालयाने पुढे निर्दोष ठरविले.