कळफलक एक, खिडक्या अनेक

संगणकाच्या पडद्यावर एका वेळीं दहा खिडक्या उघडतां येतात; पण कळफलक एकच असतो. दाबलेली कळ त्या दहांपैकीं कोणत्या तरी एकाच खिडकींत जाऊन पडते. ती खिडकी कोणती, हें वापरणाराला कसें कळावें? प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा. परंतु गुप्त परवलीचा शब्द ज्यानें भलत्याच गृहस्थाला लिहावयाच्या निरोपांत टंकून धाडला असेल, त्याला या प्रश्नाचें मोल सांगावयास नको. चालू खिडकी ओळखूं यावी म्हणून योजलेल्या खुणेचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

एकमेकींवर पडणाऱ्या खिडक्या आकारास आल्या त्या कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रांत. तेथें १९७३ सालीं 'आल्टो' हा संगणक तयार झाला, आणि अॅलन के व त्यांचे सहकारी यांनीं त्यावर 'स्मॉलटॉक' ही प्रणाली रचली. टेबलावरील कागदांची उपमा त्यांच्या डोळ्यांपुढें होती. सर्वांत वरचा कागद तोच हातांतला कागद. म्हणजे 'वर असणें' हीच मुख्य खूण. पण दोन कागद शेजारीं शेजारीं, एकमेकांना न झाकतां ठेवले, कीं ही खूण मुकी होते.

अॅपल कंपनीचा 'मॅकिंटॉश' २४ जानेवारी १९८४ रोजीं लोकांपुढें आला. त्याचा पडदा अवघा नऊ इंचांचा; आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके, आणि प्रत्येक ठिपका एक तर काळा नाहीं तर पांढरा. करडा रंगदेखील नाहीं! एवढ्या दारिद्र्यांत तोडगा निघाला तो असा: चालू खिडकीच्या मथळ्याच्या पट्टीवर सहा आडव्या रेघा, आणि बाकीच्यांच्या पट्ट्या कोऱ्या. एवढेंच नव्हे, तर मागें गेलेल्या खिडकीची बंद करण्याची चौकटही पुसली जाई, आणि मजकूर सरकविण्याच्या पट्ट्या रिकाम्या होत. जें या क्षणीं वापरावयाचें नाहीं, तें वापरण्याजोगें दिसूंही नये! या साऱ्या इतिहासांत मला हीच युक्ति सर्वांत प्रामाणिक वाटते.

त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें 'एक्स' ही खिडक्यांची प्रणाली जन्मास आली. तिच्या पुष्कळ भक्तांची रीत निराळी होती. माऊसचा बाण ज्या खिडकीवर असेल ती चालू, मग ती दुसऱ्या खिडकीखालीं अर्धी दबलेली कां असेना! येथें 'वर असणें' आणि 'चालू असणें' यांची कायमची फारकत झाली. सोय मोठी, पण टेबलाला धक्का लागला कीं अक्षरें शेजारच्या खिडकींत जाऊं लागावयाचीं. म्हणून चौकटीचा किंवा मथळ्याचा रंग बदलण्यावांचून येथें गत्यंतर नव्हतें.

रंगाचा वापर घरोघर पोंचविला तो मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज ९५'नें. चालू खिडकीची पट्टी गर्द निळी, इतरांची करडी. पण त्या काळीं 'एक्सेल'सारख्या आज्ञावलींत एका मोठ्या खिडकीच्या पोटांत अनेक लहान खिडक्या असत. वाड्यांत बिऱ्हाडें असावींत तशा. तेथें वाड्याची पट्टी निळी आणि आंतल्या एकाच बिऱ्हाडाची निळी, अशी दुहेरी खूण करावी लागे. ही वाडापद्धति 'एक्सेल'नें २०१३ च्या आवृत्तींत सोडली.

पुढें रंगांची श्रीमंती वाढली आणि खूण मात्र फिकी होत गेली. २९ जुलै २०१५ रोजीं 'विंडोज १०' निघालें, तेव्हां चालू आणि निद्रिस्त अशा दोन्ही खिडक्यांचे मथळे बहुधा पांढरेच. फरक काय तो अक्षरांच्या काळ्या-करड्या छटेचा. ज्याची दृष्टि अधू, त्यानें काय करावें? त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रंगीत मथळ्यांची सोय परत द्यावी लागली.

मॅकिंटॉशची योजना ज्यांनीं १९७९ सालीं सुरू केली, ते जेफ रास्किन २००० सालच्या आपल्या ग्रंथांत याहून खोलवर गेले. त्यांचें म्हणणें असें कीं, माणसाचें लक्ष कामावर असतें, कडेच्या खुणेवर नव्हे. म्हणून खूण कितीही ठसठशीत केली तरी चुका व्हावयाच्याच. आक्षेप वजनदार आहे. तरी खूण पुसावी, असें त्यावरून ठरत नाहीं. लक्ष उडालें म्हणजे नजर जाईल कोठें?

मराठी लिहिणाराला तर दुहेरी पेंच होता. देवनागरी कळफलक कीं रोमन, याची नोंद विंडोजमध्यें पुष्कळ वर्षें खिडकीगणिक वेगळी राहत असे. पत्राच्या खिडकींत देवनागरी निवडावी, हिशेबाच्या खिडकींत जावें, तों तेथें रोमन. परत यावें, तों पुन्हां देवनागरी. चालू खिडकी ओळखण्यांत चूक झाली, कीं लिपीही चुके. २०१२ च्या 'विंडोज ८'पासून मूळ मांडणींत एकच निवड सर्व खिडक्यांस लागू झाली, आणि जुनी रीत ज्यांना हवी त्यांच्यासाठीं ती पर्याय म्हणून ठेवण्यांत आली.