एका वेलीच्या दोन छाटण्या

माझं माहेर निफाडकडचं, सासर तासगावचं. द्राक्षात जन्मले, द्राक्षातच दिली. आजोबांची बाग भोकरीची होती. पांगाऱ्याचे ओले खांब रोवायचे, त्यांना पालवी फुटायची आणि त्या जिवंत खांबांवरच वेल चढवायचा. मणी जाड सालीचे, आत बिया. आज नातवंडांपुढे ठेवली, तर एक मणी खाऊन उठतील.

चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. इथे द्राक्षं वर्षातून दोनदा येतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. त्याला नवल वाटलं, बागायतदाराला मात्र तीच डोकेदुखी. थंड मुलखात वेल हिवाळाभर झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, फुटत राहतो. म्हणून आपल्या लोकांनी त्याला कात्रीनं वळण लावलं. एप्रिलात खरड छाटणी, ती काडी तयार करायला. मग उन्हाच्या तडाख्यात काडीच्या डोळ्यात घड धरतो, बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. आता डोळे तपासून घेतात, माझे सासरे काडी दोन बोटांत फिरवून सांगायचे, "इथं मार." छाटल्यावर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची. थंडी जे काम फुकट करते, त्याचे आम्ही पैसे मोजतो.

साठच्या दशकात थॉमसन सीडलेस आली आणि भोकरी मागं पडली. पण आमच्या भागाचा खरा अभिमान वेगळा. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेत वेगळी निघालेली वेल हेरली आणि वाढवली. तीच तास-ए-गणेश. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका आणि काळी शरद सीडलेस दिली. दोघेही शेतकरी, प्रयोगशाळा म्हणजे स्वतःची बाग.

उरलेला माल बेदाण्याला जातो, असं शहरातल्या लोकांना वाटतं. चूक. बेदाण्याला गोडी पुरती उतरलेला मालच लागतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर पसरायचे. ऊन नको, वारा हवा. पंधरा दिवसांत पाणी उडून जातं. त्या दिवसांत आभाळ आलं की आमच्या घरात कुणी धड जेवत नाही. एका वर्षी पावसाची झड आत आली आणि अख्खी शेड काळवंडली. तो माल आम्ही मिळेल त्या भावानं देऊन टाकला.

चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. आंबट राहिलेल्या मण्यांचं मी मोहरी-गूळ घालून लोणचं करते, पंचामृतात मात्र बेदाणाच. आणि दुकानात सरसकट 'मनुका' म्हणू नका. 'बेदाणा' हा फारसी शब्द, म्हणजे बी नसलेला. बी असते ती काळी मनुका. शिऱ्याला बेदाणा घ्या, खोकल्याला मनुकाच.